संगणकातल्या पंख्याची गोष्ट

या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ले, लढाया आणि दळणवळण यांबद्दल बोलतो. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून तुम्ही ऐकता आणि आता वाचताही आहात. आजचा विषय मात्र तळहाताएवढा आहे: घरच्या डेस्कटॉप संगणकात घरघर करणारा पंखा. तो तिथे कसा आला, त्याला हुकूम कोण देतं आणि तो आपल्याला कुठे फसवतो, हे आज सांगणार आहे. विषय निवडण्याचं कारण घरचं आहे, म्हणून आधी ते सांगतो.

आमचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलेल्यांपैकी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठे तंजावुरात आले, १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तरी आमच्या घरात मराठी टिकली आणि आजोबांच्या पिढीपर्यंत जमाखर्च मोडीतच लिहिला जायचा. ते कागद माझ्या आतेभावाकडे पट्टुक्कोट्टैला होते. निवृत्तीनंतर मी मोडी शिकलो, २०१७ मध्ये ते सगळे कागद इथे आणून स्कॅन केले, एकूण ३१२ पानं, आणि अस्सल कागद परत नेऊन दिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये गजा चक्रीवादळ आलं. पट्टुक्कोट्टै भागातल्या नारळाच्या बागा झोपल्या, आतेभावाच्या घराचं छप्पर उडालं, आणि कागदांचा लगदा झाला. उरली ती माझ्या संगणकातली प्रत. एकच.

पुढच्या मे महिन्यात संगणक दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. तंजावुरचा मे म्हणजे ३८-३९ अंश, आणि कावेरीच्या खोऱ्यातला दमटपणा वेगळा. मी फौजी माणूस, सिग्नल्समध्ये नोकरी झालेली. मला वाटलं, शत्रू जास्त तर कुमक जास्त. बाजारातून दोन पंखे आणले आणि स्वतःच्या हातानं बसवले. आवाज वाढला, वारा वाढला, आणि संगणक तीनच्या ऐवजी दोनला बंद पडू लागला.

ते का झालं हे समजायला मला जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागलं. चला, तुम्हीही चला.

चौक आणि पंखा

इथल्या जुन्या घरांत मधोमध उघडा चौक असतो. तमिळमध्ये त्याला मुत्रम म्हणतात. तापलेली हवा हलकी होते, वर चढते आणि चौकातून निघून जाते. तिची जागा घ्यायला ओसरीच्या दारातून सावलीतली हवा आत येते. राजवाड्यातही मोठमोठे चौक आहेत. याच राजवाड्यात दुसऱ्या सरफोजीराजांनी नावारूपाला आणलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आहे, आणि तिथे मोडी कागदांचे हजाराहून अधिक रुमाल आहेत. भर उन्हाळ्यात त्या परिसरात गेलात तर एक गोष्ट जाणवेल. चौकाकडे तोंड असलेल्या पडवीत बसवतं. दारं बंद असलेल्या खोलीत, डोक्यावर पंखा फिरत असूनही, जीव घाबरा होतो.

कारण पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. कंपनी सरकारच्या काळात कचेऱ्यांत छताला कापडाचा झालरीचा पंखा असे आणि बाहेर बसलेला नोकर दोरी ओढून तो हलवत असे. त्याच्यानंही खोलीचं तापमान कधी उतरलं नाही. १८८२ मध्ये अमेरिकेत शायलर व्हीलर यांनी विजेवर फिरणारा टेबलपंखा केला. दोरी गेली, वीज आली, पण तत्त्व तेच राहिलं. आणि यंत्राला तर घामही येत नाही. त्याच्यासाठी पंख्याचं काम एकच: गरम झालेली हवा उचलायची आणि बाहेर काढायची. बाहेर जायला वाट नसेल, तर पंखा तीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो.

बूट काढून जायची खोली

आता संगणकाकडे येऊ. १९४६ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळी म्हणजे जुन्या रेडिओत लालसर पेटायची ती. तिला काम करायलाच तापावं लागतं. एनिॲक सुमारे १५० किलोवॉट वीज खाई, आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडे. हे लक्षात ठेवा. संगणकात गेलेली वीज कुठे साठत नाही, ती उष्णता होते. १५० किलोवॉट म्हणजे हजार वॉटच्या दीडशे शेगड्या एका दालनात पेटलेल्या.

आपल्याकडे १९५० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला संगणक बसला. भारतात घडवलेला पहिला पूर्ण आकाराचा संगणक मात्र मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि मुख्य सांगाडा सुमारे १८ फूट लांब, ८ फूट उंच होता. यंत्राला जपायचं तर सगळी खोलीच थंड ठेवायची, ही त्या पिढीची पद्धत होती.

ती पद्धत आमच्या पिढीच्या अंगात भिनली. ऐंशीच्या दशकात मी तरुण अधिकारी असताना आमच्याकडे पहिला संगणक आला. वातानुकूलित खोली, जाड पडदे, आणि दाराबाहेर पाटी: पादत्राणे बाहेर काढा. फौजी माणसाला बूट काढायला लावणाऱ्या जागा फार थोड्या, देऊळ, गुरुद्वारा, आणि आता हा संगणक कक्ष. धूळ आत जाऊ नये हा हेतू बरोबरच होता. गंमत अशी, की आत ठेवलेल्या त्या छोट्या यंत्राला एवढ्या सरंजामाची तेव्हा गरजच नव्हती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं बाजारात आणलेल्या पीसीमध्ये पंखा एकच होता, तोही वीज पुरवणाऱ्या डब्यात. तो डबा सगळा मिळून ६३.५ वॉटचा, म्हणजे एका साध्या बल्बएवढा. प्रोसेसर जेमतेम दोन वॉटच्या आसपास तापे. त्याच्यावर ना पंखा, ना धातूची पट्टी. उघडाच बसे.

नखाएवढ्या जागेत शेगडी

मग गाडी वेगानं निघाली. प्रोसेसर म्हणजे लाखो सूक्ष्म बटणं. प्रत्येक बटण दाबताना आणि सोडताना थोडी वीज खर्च होते. बटणं वाढली, दर सेकंदाला दाबण्याची संख्या वाढली, की उष्णताही वाढते. १९८१ च्या प्रोसेसरमध्ये २९,००० ट्रान्झिस्टर होते. मार्च १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियममध्ये ३१ लाख होते आणि त्याची उष्णता १५ वॉटच्या घरात गेली. आता धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्याच्यावर छोटा पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा चढला तो याच सुमारास.

इथे इतिहासातली एक चूक सांगतो, कारण ती मला फार आपली वाटते. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचा आराखडा काढला. पेटीचा आकार, भोकं आणि जोडण्या ठरवून देणारा हा आराखडा आपल्या घरच्या पेट्यांत अजून चालतो. सुरुवातीच्या आराखड्यात वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा बाहेरची हवा आत घेऊन थेट प्रोसेसरवर सोडेल अशी कल्पना होती. एकाच पंख्यात दोन कामं! पण ती हवा आधी डब्यातल्या तापलेल्या भागांवरून जायची, मग प्रोसेसरवर यायची. म्हणजे पाहुण्याला पंगतीत बसवून आधी उष्टं वाढायचं. पुढे दिशा उलटी झाली. डब्यानं पेटीतली गरम हवा बाहेर टाकावी हीच रीत रूढ झाली. अशा मातब्बर मंडळींचीही दिशेबाबत चूक होऊ शकते, तर माझं काय!

फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ ची नवी आवृत्ती आली आणि तिची काही मॉडेलं शंभर वॉटच्या पलीकडे गेली. अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात शंभर वॉटचा बल्ब कल्पा. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं त्याच वाटेवरचा पुढचा प्रोसेसर रद्द केला. एकच घोडा अधिकाधिक पळवण्याऐवजी एका तुकड्यात दोन, मग चार गाभे बसवायचं ठरलं. वेगाची शर्यत थांबण्यामागे उष्णता हे एक मोठं कारण होतं.

अनेक छोट्यांनी मिळून काम करायची ही कल्पना पुण्यात आधीच राबवली गेली होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, अनेक छोटे प्रोसेसर समांतर जोडून. तिकडे १९८५ चा क्रे-२ इतका दाटीवाटीचा होता की त्याचे भाग वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवून ठेवावे लागत. आज पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मलाही थंड ठेवायला द्रवच लागतो. म्हणजे पंख्यालाही मर्यादा आहे. आपल्या घरच्या पेटीला मात्र तो पुरतो, जर नीट बसवला तर.

हुकूम कोण देतं?

आता नियंत्रण. सुरुवातीच्या पंख्यांना दोन तारा असत, एक वीज आणणारी, एक नेणारी. पंखा सुरू म्हणजे पूर्ण वेगानं सुरू. पहारेकऱ्याला रात्रंदिवस धावायला लावण्यासारखं. दमतो, आवाज करतो, लवकर झिजतो.

मग तिसरी तार आली. तिच्यावरून पंखा स्वतःची खबर देतो. प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके. मिनिटाला १,२०० फेरे असतील तर सेकंदाला ४० ठोके मदरबोर्डला मिळतात. ठोके थांबले की समजायचं, पंखा अडकला. सिग्नल्सच्या माणसाला ही तार सगळ्यात आवडते, कारण ज्या चौकीकडून उलट खबर येत नाही तिच्या भरवशावर लढाई लढता येत नाही. अशा पंख्याचा वेग कमी करायचा तर १२ व्होल्ट खाली आणायचे. पण फार खाली आणले की पंखा सुरूच होत नाही.

चौथी तार या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. हिच्यावर वीज १२ व्होल्टचीच राहते आणि हुकूम वेगळ्या तारेवरून जातो: सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा इशारा. त्यातला चालूचा वाटा जास्त, तर पंखा वेगात. वाटा कमी, तर सावकाश. एवढ्या वेगानं होणारी उघडझाप माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून २५ हजार.

वेग कमी करण्याचा फायदा किती? पंख्याचं गणित असं आहे: वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते. आवाजही पुष्कळ उतरतो. म्हणून एक पंखा जीव तोडून पळवण्यापेक्षा मोठ्या पात्याचे दोन सावकाश चालवणं शहाणपणाचं.

आणि प्रोसेसरला स्वतःचा ताप कळू लागला, हाही या इतिहासातला मोठा टप्पा. २००१ मध्ये एक चाचणी गाजली होती. चालू संगणकातल्या प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा काढून घेतला. एका कंपनीचा प्रोसेसर धूर काढून मेला, तर पेंटियम ४ नुसता मंद झाला आणि तगला. आजचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की वेग उतरवतात, तरी भागलं नाही तर यंत्र बंद करतात. म्हणजे दुपारी बंद पडणारा माझा संगणक बिघडलेला नव्हता. तो स्वतःचा जीव वाचवत होता आणि मला सांगत होता. मला ती भाषा येत नव्हती.

काका, बाण बघितलात का?

माझी पुतणी पुण्यात इंजिनिअर आहे. व्हिडिओ कॉलवर तिनं पेटी दाखवायला सांगितली. बघून म्हणाली, "काका, पंख्याच्या कडेवरचा बाण बघितलात का?"

मी चष्मा लावून पाहिलं. पंख्याच्या चौकटीवर बारीक बाण कोरलेला असतो, हवा कुठे जाणार ते दाखवणारा. बाण नसेल तर सोपी खूण: आधाराच्या काड्या आणि लेबल ज्या बाजूला, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. माझे दोन पुढचे आणि एक मागचा, तिन्ही पंखे आतच हवा ढकलत होते. मागचा मूळचा बाहेर टाकणारा पंखा मी साफ करताना काढला होता आणि उलटा बसवला होता.

"आणि काका, ही पेटी ठेवलीय कशात?"

संगणकाच्या टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात. तीन बाजू बंद, मागे भिंत, आणि वरून हिनं विणलेलं जाळीदार आच्छादन. दीडशे वर्षांचा इतिहास मी एका कप्प्यात विसरलो होतो. चौक नाही, नुसता पंखा.

पेटी कप्प्यातून बाहेर काढली. मागे वीतभर जागा सोडली. मागचा पंखा फिरवून बाहेरच्या दिशेनं केला, पुढचे दोन आत. धातूच्या पात्यांतली धूळ ब्रशनं काढली. साफ करताना पातं बोटानं धरून ठेवावं, ते गरागरा फिरू देऊ नये. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मग बायॉसमध्ये जाऊन पंख्यांची पायरी ठरवली: ५० अंशांपर्यंत ४० टक्के वेग, ७० ला ७० टक्के, ८० च्या पुढे पूर्ण. ही पायरी बायॉसमध्येच ठरवावी असं माझं मत. विंडोजसाठी स्पीडफॅन, लिनक्ससाठी एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल अशी साधनं आहेत, पण ती यंत्रणा गोठली तर त्यांचा हुकूमही गोठतो.

हवा किती लागते याचाही हिशेब करून पाहिला. पेटीत १५० वॉट उष्णता होत असेल आणि बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशच जास्त तापावी असं वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या वाटेत एवढी हवा सहज देतो. म्हणजे मला कुमक नकोच होती, वाट मोकळी हवी होती. आणि एक मर्यादा: खोली ३८ अंशांवर असेल तर कोणताही पंखा पेटीतली हवा ३८ च्या खाली नेणार नाही. म्हणून मोठं काम मी आता पहाटे करतो.

त्याच दुपारी प्रोसेसरचं तापमान ९७ वरून ७१ वर आलं. वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे लिहून ठेवले. सवय जुनी आहे.

राहिलेला हिशेब

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या तीन आठवड्यांत हार्ड डिस्क ५७-५८ अंशांवर राहिली होती. घरगुती डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची असते. जूनमध्ये ती टकटक करू लागली. ती सात वर्षं जुनी होती, त्यामुळे केवळ उष्णतेनं गेली असं छातीठोक सांगणार नाही. पण उष्णतेनं तिला मदत नक्कीच केली नाही. ३१२ पानांपैकी २७१ परत मिळाली. ४१ गेली.

गेलेल्यांत एका लग्नाच्या खर्चाची यादी होती. तांदूळ, तूप, वाजंत्री, आणि खाली पाहुण्यांच्या नोंदीत माझ्या पणजीचं माहेरचं नाव. आमच्या वंशावळीत पुरुषांची नावं सात पिढ्यांची आहेत. तिचं नाव फक्त त्या एका ओळीत होतं. मी ते वाचलं होतं. मोडी नवीन शिकलो होतो, म्हणून अक्षर लावायला वेळ लागला होता, आणि लागल्यावर आनंदही झाला होता. पण वहीत उतरवून घेतलं नाही. संगणकात आहे की, असं वाटलं. आता मला पहिलं अक्षर आठवतं, पुढची दोन आठवत नाहीत.

उरलेल्या पानांच्या आता तीन प्रती आहेत, एक इथे, एक पुण्यात पुतणीकडे, एक कागदावर छापलेली. ते काम मी २०१७ मध्ये, स्कॅन संपला त्या संध्याकाळी, करायला हवं होतं.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. संगणकाच्या पेटीमागे हात धरा. गरम वारा हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर बाण बघा, कप्पा बघा, आच्छादन काढा. आणि पेटीत जे एकमेव आहे, त्याची दुसरी प्रत आजच दुसऱ्या गावी पाठवा. तुमच्या घरीही मोडी कागद असतील तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण सरफोजीराजांच्या छापखान्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.